पोचपावती, अर्थात साइट का उघडत नाही

'नेट गेलं' या दोन शब्दांत आपण किती निरनिराळ्या तक्रारी कोंबतो याची मला नेहमी गंमत वाटते. पूर्वी घरातली वीज गेली की आपण आधी खिडकीतून डोकावायचो. शेजाऱ्यांकडे दिवे असतील तर आपला फ्यूज उडाला. गल्लीत अंधार असेल तर खांबावर काहीतरी झालं. सगळं गावच काळोखात असेल तर मेणबत्ती लावायची आणि गप्पा मारत बसायचं. या तीन पायऱ्या शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही ठाऊक होत्या. इंटरनेटच्या बाबतीत मात्र चांगली शिकलेली माणसं राउटर बंद करून चालू करतात, देवाचं नाव घेतात आणि 'आपल्याला हे जमत नाही' म्हणून उठून जातात.

आमच्या निवृत्तांच्या कट्ट्यावर हे शेवटचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्यावर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. मी इतिहासाचा मास्तर. तंत्रज्ञान माझा विषय नाही. पण मुलांना मी सांगत असे की एखादं भांडण समजत नसेल तर ते केव्हापासून सुरू झालं ते आधी विचारा. साइट न उघडण्याच्या बाबतीत हाच प्रश्न विचारत गेलो, वाचत गेलो, आणि लक्षात आलं की आपल्या घरात भेटणाऱ्या प्रत्येक अडचणीला तिची जन्मतारीख आहे. काही अडचणी तर पन्नास वर्षांहून जुन्या आहेत.

मंडळी, गोष्ट सुरू होते हवाई बेटांवर. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांना समुद्राच्या लाटांवर फळीवरून घसरण्याचा, म्हणजे सर्फिंगचा, भारी नाद. विद्यापीठाचा मोठा संगणक एका बेटावर आणि तो वापरू इच्छिणारी माणसं इतर बेटांवर. टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. तेव्हा अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओलहरींवरून संगणकाचे निरोप पाठवायचं ठरवलं आणि १९७१ साली 'अलोहानेट' सुरू झालं. आज आपल्या बैठकीच्या खोलीत जे वायफाय आहे त्याचं हे पणजोबांचं घराणं.

अडचण अशी होती की सगळ्यांना बोलायला आकाश एकच. दोन बेटांनी एकाच वेळी निरोप पाठवला तर दोन्हींचा चुथडा. वर्गात पन्नास मुलं एकदम 'सर, मी सांगतो' म्हणून ओरडली की कोणाचंच कळत नाही, तसं. आता हात वर करायला लावणारा मास्तर ठेवायचा का? अब्रॅमसन यांनी ठेवला नाही. त्यांनी नियम केला तो असा: निरोप आला की मुख्य केंद्राने पोचपावती द्यायची. पाठवणाऱ्याला ठराविक वेळात पोचपावती मिळाली नाही तर त्याने समजायचं की टक्कर झाली, थोडा वेळ थांबायचं आणि तोच निरोप पुन्हा पाठवायचा. किती थांबायचं ते ज्याने त्याने चिठ्ठी काढल्यासारखं ठरवायचं, म्हणजे दोघे पुन्हा एकदम बोलणार नाहीत. गणिताने पाहिलं तर या पद्धतीत उपलब्ध वेळेपैकी जास्तीत जास्त १८ टक्केच कामी येतो. तरीही ती चालली, कारण ती साधी होती.

आपल्या पिढीला पोचपावती समजावून सांगायला नको. रजिस्टर ए. डी. ने पाठवलेल्या पत्राची ती पावती सहीनिशी परत आली की जीव भांड्यात पडायचा. पुढच्या साऱ्या इतिहासाचं सूत्र मला या पावतीतच दिसतं. निरोप पोचला हे कसं कळणार, आणि नाही पोचला तर ते कोण सांगणार?

अब्रॅमसन यांच्या कामावर बॉब मेटकाफ नावाच्या तरुणाची नजर पडली. त्यांनी त्यातलं गणित सुधारलं आणि १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत, डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने, तीच कल्पना तारेवर आणली. नाव ठेवलं 'इथरनेट'. एकोणिसाव्या शतकातले पदार्थवैज्ञानिक प्रकाश वाहून नेणारा 'ईथर' नावाचा अदृश्य पदार्थ विश्वात भरलेला आहे असं मानत. तो नसल्याचं पुढे दिसून आलं, पण नाव असं मागे राहिलं. १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून इथरनेटचा नमुना प्रसिद्ध केला. त्यात एका खेपेला जास्तीत जास्त किती मजकूर न्यायचा याची मर्यादा घातली: १५०० बाइट. हा आकडा लक्षात ठेवा. तो पुढे आपल्याला छळणार आहे.

१९८३ हे वर्ष या कथेत दोनदा येतं. पहिली गोष्ट नावांची. प्रत्येक संगणकाला एक क्रमांक असतो, पण माणसं क्रमांक लक्षात ठेवत नाहीत. सुरुवातीला जाळ्यावरच्या सगळ्या संगणकांची नावं आणि क्रमांक एकाच यादीत लिहिलेले असत. ती यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या हाताखालची मंडळी सांभाळत आणि बाकीचे सगळे तिची नक्कल उतरवून घेत. नवं नाव घालायचं असेल तर त्यांना कळवायचं. गावात दहा फोन असताना डिरेक्टरी भिंतीवर खडूने लिहिली तरी चालते. शेकडो झाल्यावर चालत नाही. म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली डीएनएस ही व्यवस्था आखली. एकच मोठी यादी ठेवण्याऐवजी कामं वाटून दिली. तालुक्याची नोंद तालुक्यात, गावाची नोंद गावात, आणि विचारत विचारत शेवटी बरोबर दाराशी जायचं. आपण संकेतस्थळाचं नाव टाइप केलं की आजही प्रथम ही चौकशी होते. चौकशीला उत्तर मिळालं नाही तर साइट धडधाकट असूनही उघडत नाही, कारण तिचं घर कुठे आहे हेच आपल्या संगणकाला कळलेलं नसतं. त्या वेळी पडद्यावर 'सर्व्हर सापडला नाही' अशा अर्थाचा मजकूर येतो. 'उत्तर यायला फार वेळ लागला' हा मजकूर वेगळा आणि त्याचा अर्थही वेगळा. परीक्षेत आपण मुलांना 'प्रश्न नीट वाचा' सांगत असू. इथेही तेच. पडद्यावरचं वाक्य न वाचता खिडकी बंद करणं म्हणजे प्रश्न न वाचता उत्तरपत्रिका देणं.

दुसरी गोष्ट 'पिंग'ची. अमेरिकी लष्कराच्या मेरीलँडमधल्या एका प्रयोगशाळेत माइक म्यूस नावाचे संगणकतज्ज्ञ होते. डिसेंबर १९८३ मध्ये त्यांना जाळ्यात काहीतरी विचित्र वागणूक दिसली आणि ती शोधण्यासाठी त्यांनी एका संध्याकाळीच एक छोटा प्रोग्रॅम लिहून काढला. पाणबुडी शोधायला जहाजं पाण्यात आवाज सोडतात आणि प्रतिध्वनी किती वेळाने येतो ते मोजतात. त्या आवाजावरून नाव ठेवलं पिंग. हा प्रोग्रॅम समोरच्या संगणकाला एवढंच विचारतो, 'आहेस का?' आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते सांगतो. म्यूस यांनीच पुढे एक मजेदार हकिगत लिहून ठेवली आहे. एका गृहस्थांच्या इमारतीत तार कुठेतरी सैल झाली होती. त्यांनी प्रत्येक उत्तराला संगणक मोठ्याने 'पिंग' असं ओरडेल अशी सोय केली, आवाज पूर्ण वाढवला आणि इमारतभर फिरून एकेक जोड हलवून पाहिला. ज्या ठिकाणी ओरडणं थांबलं तिथे दोष सापडला. म्यूस २००० साली मोटार अपघातात गेले. त्यांनी आयुष्यात बरंच मोठं काम केलं, पण नाव राहिलं ते एका संध्याकाळच्या कामामुळे.

आता १९८६ कडे येऊ. त्या वर्षी ऑक्टोबरात लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यामधली वाहतूक एकाएकी कोलमडली. दोन्हींत अंतर फक्त ४०० यार्ड. सेकंदाला ३२ हजार बिट जात होते ते ४० वर आले, म्हणजे वेग आठशे पटींनी उतरला. चालत जाऊन कागद देऊन येणं जास्त जलद झालं असतं. कारण काय, तर पोचपावती वेळेत आली नाही की प्रत्येक संगणक तोच मजकूर पुन्हा पाठवत होता, त्याने गर्दी वाढत होती आणि पावत्या आणखीच अडकत होत्या. व्हॅन जेकबसन यांनी यावर तोड काढली आणि १९८८ साली ती प्रसिद्ध केली. पावती आली नाही तर रस्त्यात गर्दी आहे असं समजा आणि आपला वेग कमी करा. फार शहाणपणाचा नियम. इंटरनेट त्यामुळे वाचलं.

पण हा नियम तारेच्या जगात जन्मला होता. तारेवर मजकूर हरवतो तो बहुधा गर्दीमुळे. हवेत तो हरवतो भिंतीमुळे, अंतरामुळे, शेजारच्या लहरींमुळे. तिथे गर्दी नसतेच, पण संगणक गर्दी समजून आपला वेग कमी करत जातो. वायरलेसच्या अडचणींचं एक मूळ इथे आहे.

आपल्या घरचं वायफाय यातून मार्ग काढतं तो पुन्हा अब्रॅमसन यांचाच. अमेरिकी सरकारने १९८५ साली काही लहरी बिनपरवाना वापरायला मोकळ्या केल्या. त्या मोकळ्या करण्याजोग्या होत्या कारण तिथे आधीच मायक्रोवेव्ह ओव्हनसारख्या उपकरणांची खरखर होती आणि त्या दुसऱ्या कोणाला फारशा नको होत्या. एनसीआर ही दुकानांतली गल्ल्याची यंत्रं बनवणारी कंपनी. तारा न ओढता ती यंत्रं जोडता यावीत म्हणून तिच्या नेदरलँड्समधल्या अभियंत्यांनी या लहरींवर काम केलं. त्यांतले व्हिक हेस हे पुढे दहा वर्षं आंतरराष्ट्रीय समितीचे अध्यक्ष राहिले आणि १९९७ साली ८०२.११ हे मानक तयार झालं. दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, त्याला वायफाय हे तोंडात बसणारं नाव मिळालं. आपल्याकडे जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाल्या, आणि मग घरोघरी राउटर बसवणं सोपं झालं.

वायफायमध्ये प्रत्येक तुकड्याची पोचपावती लगेच तिथल्या तिथे मिळते. मिळाली नाही तर राउटर थोडा वेळ थांबून तोच तुकडा पुन्हा पाठवतो, आणि फारच अडलं तर वेग उतरवून पाठवतो. म्हणून आतल्या खोलीत दोन ओळींचा निरोप जातो, पण छायाचित्रांनी भरलेलं पान रडतखडत येतं. शेजारच्या घरांची वायफायं त्याच लहरींवर बोलत असतात, आणि स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह चालू असेल तर त्याची भर. उपाय साधा आहे. राउटरजवळ जाऊन बसा. तिथे पान उघडलं तर दोष भिंतींचा. तिथेही नाही उघडलं तर वायफायला बोल लावू नका. पुढे चला.

आता १५०० या आकड्याकडे येतो, कारण माझ्या मते या सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण तेच आहे.

इंटरनेटवर मजकूर पाकिटांमधून जातो आणि इथरनेटच्या प्रसारामुळे १५०० बाइट हे पाकिटाचं नेहमीचं माप होऊन बसलं. पण वाटेतला एखादा रस्ता अरुंद असेल तर? त्यासाठी सोय १९८१ सालापासूनच होती. वाटेतल्या यंत्राने पाठवणाऱ्याला चिठ्ठी लिहायची की तुमचं पाकीट मोठं आहे, माझ्या दारातून जात नाही. १९९० साली मोगल आणि डीअरिंग या दोघांनी याच चिठ्ठीच्या आधारे रीतसर पद्धत घालून दिली. पाठवणारा मोठ्या पाकिटाने सुरुवात करील आणि चिठ्ठी आली की लहान पाकिटं करील. चिठ्ठी आली नाही याचा अर्थ रस्ता मोकळा आहे.

पुढे घरोघरी ब्रॉडबँड आलं. ग्राहकाचं नाव आणि पासवर्ड विचारून मगच आत सोडायची टेलिफोन कंपन्यांची जुनी सवय. ती इथरनेटवर चालावी म्हणून १९९९ साली पीपीपीओई नावाची पद्धत ठरली. तिने प्रत्येक पाकिटात आपल्या कामाची ८ बाइटांची चिठ्ठी आत सरकवली. १५०० मधून ८ गेले, राहिले १४९२. एवढासा फरक, तो कोणाला कळणार?

चिठ्ठ्या नीट पोचत असत्या तर कोणालाच कळला नसता. पण मध्यंतरी, १९९६-९७ च्या सुमारास, काही खोडसाळ लोकांनी मर्यादेबाहेर मोठं पिंग पाठवून दुसऱ्यांचे संगणक बंद पाडायचा उद्योग सुरू केला होता. घाबरून बऱ्याच ठिकाणच्या व्यवस्थापकांनी आपल्या दारावर पिंगला बंदी केली. बंदी करताना त्या जातीचे सगळेच निरोप अडवले, आणि 'पाकीट मोठं आहे' ही चिठ्ठीही त्याच जातीची. झालं! आता मोठं पाकीट वाटेत टाकून दिलं जातं, तसं कळवणारी चिठ्ठी साइटच्या दारावरच फाडली जाते, आणि साइट पाठवत राहते, वाट पाहत राहते. जाणकार याला 'कृष्णविवर' म्हणतात. २००० साली इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत या दुखण्याची लक्षणं नोंदवली गेली. पहिला नमस्कार-चमत्कार होतो, कारण ती पाकिटं लहान असतात. पिंगलाही, जिथे बंदी नसेल तिथे, उत्तर येतं. खरा मजकूर यायची वेळ आली की सारं ठप्प. आणि हे सगळ्या साइटींवर होत नाही, काहींवरच होतं.

हे वर्णन वाचताना मला आमच्या घरातला एक नोव्हेंबर आठवला. निवृत्तांना नोव्हेंबरचं महत्त्व सांगायला नको. हयातीचा दाखला, कागदपत्रं, त्यांची चौकशी. आमच्याकडे इंटरनेट पुरवणाऱ्याने राउटर बदलून नवा दिला होता. त्या दिवसापासून वर्तमानपत्रं उघडत, गाणी लागत, पण मला हवी असलेली कार्यालयीन साइट आणि बँकेची साइट उघडेना. कोरं पान आणि फिरणारं चक्र. मदत केंद्राला फोन केला. त्यांनी तीन वेळा राउटर बंद-चालू करायला लावला आणि मग सांगितलं की बाकीच्या साइट उघडतात ना, म्हणजे आमच्याकडे दोष नाही. कार्यालयाला फोन केला तर ते म्हणाले, बाकीच्यांना उघडते आहे, म्हणजे आमच्याकडे दोष नाही. दोन्ही उत्तरं तर्काला धरून होती आणि माझं पान कोरं ते कोरंच. कट्ट्यावरच्या एका स्नेह्यांकडेही त्याच पुरवठादाराचा तोच राउटर आला होता. ते आठवडाभर स्वतःलाच बोल लावत होते आणि शेवटी पैसे देऊन बाजारातल्या दुकानातून काम करून आले.

पुण्याचा माझा पुतण्या याच क्षेत्रात आहे. त्याला फोन केला. त्याने मला राउटर बंद करायला सांगितलं नाही. म्हणाला, "काका, आधी मोबाइलचं वायफाय बंद करून तीच साइट मोबाइलच्या नेटवर उघडून बघा." उघडली. "आता लॅपटॉप तारेने राउटरला जोडा आणि बघा." नाही उघडली. म्हणजे वायफाय बिचारं निर्दोष आणि साइटही जिवंत. मग त्याने ती काळी खिडकी उघडायला लावली आणि पाकिटाचा आकार सांगून, 'तुकडे करू नका' अशी ताकीद जोडून पिंग पाठवायला सांगितलं. १४७२ आकाराचं गेलं नाही. १४६४ चं गेलं. पत्त्याबित्त्याचे २८ बाइट धरले की पहिलं होतं १५०० आणि दुसरं १४९२. "सापडलं," म्हणाला. नव्या राउटरवर १५०० हा आकडा तसाच ठेवलेला होता. तिथे १४९२ घातल्याबरोबर दोन्ही साइट उघडल्या. आता राउटर पहिल्या नमस्कारातच समोरच्याला सांगू लागला की पाकिटं बेताची पाठवा. दुसऱ्या दिवशी स्नेह्यांच्या घरी जाऊन तोच आकडा बदलला. त्यांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "म्हणजे माझं चुकत नव्हतं तर." एवढ्या एका वाक्यासाठी हा लेख लिहावा असं मला वाटलं.

विचार केला की जाणवतं, दोष ८ बाइटांचा नव्हताच. रस्ते अरुंद असतातच. दोष होता नकार न कळवण्याचा. आमच्या शाळेत एक जुने मुख्याध्यापक होते. प्रवेश नाकारला तरी ते पालकाला कारण लेखी देत. म्हणत, कारण कळलं तर माणूस दुसरी वाट धरतो, नाही कळलं तर दारातच उभा राहतो. संगणकाचंही तसंच झालं. पिंगच्या भीतीने ज्यांनी सरसकट दार लावलं त्यांनी आपल्या बचावाचं काम केलं, पण त्याची किंमत दूरच्या कुठल्यातरी गावात पडद्यासमोर बसलेल्या माणसाने दिली, आणि त्याला ती कशाची किंमत आहे हेही कळलं नाही. चिठ्ठीच्या भरवशावर न राहता पाठवणाऱ्याने स्वतःच आकार चाचपून बघायचा अशी पद्धत २००७ साली मांडली गेली. २०२१ साली मानक झालेल्या क्विक या नव्या पद्धतीत तर सुरुवातच लहान, १२०० बाइटांच्या पाकिटांनी करता येते. हळूहळू हे दुखणं कमी होत आहे, पण जुन्या पद्धतीच्या साइटींवर ते अजून भेटतं.

आणखी दोन तारखा सांगून पुरे करतो. ३० सप्टेंबर २०२१ ला 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था ज्याच्या आधारावर साइटींना ओळखपत्रं देत होती त्या एका जुन्या मूळ ओळखपत्राची मुदत संपली. नव्या यंत्रांना काही झालं नाही. पण ज्यांना नवी दुरुस्ती मिळत नव्हती अशा बऱ्याच जुन्या संगणकांवर आणि आयफोनवर काही साइट एका दिवसात उघडेनाशा झाल्या. नेट ठीक, वायफाय ठीक, साइट ठीक, फक्त ओळख पटेना. संगणकाचं घड्याळ चुकलं तरी हेच होतं. आतली छोटी बॅटरी संपली की जुना संगणक स्वतःला वीस वर्षांपूर्वीच्या तारखेत समजतो आणि आजची ओळखपत्रं त्याला अजून सुरूच न झालेली वाटतात. एकाएकी सगळ्याच सुरक्षित साइट नाकारल्या जाऊ लागल्या तर आधी कोपऱ्यातली तारीख बघा.

दुसरी तारीख ४ ऑक्टोबर २०२१. त्या रात्री आपल्याकडे नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप सहा तासांच्या आसपास बंद पडले. त्यांच्याच एका दुरुस्तीच्या आज्ञेने त्यांचे रस्ते जगाच्या नकाशावरून पुसले गेले आणि त्यांची नावं सांगणारी यंत्रंही त्याच रस्त्यांच्या पलीकडे होती. त्या रात्री किती घरांतले राउटर उगीचच बंद-चालू झाले असतील! ती सगळ्या गावाची वीज गेल्यासारखी गोष्ट होती. मेणबत्ती लावून गप्पा मारायची वेळ.

माझ्या भावंडांसाठी आणि कट्ट्यावरच्या मंडळींसाठी हा सगळा इतिहास आता कामाच्या क्रमाने सांगतो. पडद्यावरचं वाक्य वाचा. दुसरी साइट उघडून बघा. राउटरजवळ जाऊन बघा. तीच साइट मोबाइलच्या नेटवर बघा. तिथेही उघडत नसेल तर साइटच बसली आहे, चहा घ्या. तिथे उघडते आणि घरच्या नेटवर 'सापडत नाही' असं येतं, तर नावाच्या चौकशीत घोळ आहे. राउटर बंद-चालू करून पाहा, नाहीतर जाणकाराकडून राउटरमध्ये दुसरी डीएनएस सेवा घालून घ्या. ओळखपत्राची तक्रार असेल तर तारीख तपासा. तारीख बरोबर असेल तर 'तरीही पुढे जा' दाबू नका, विशेषतः बँकेच्या साइटवर. आणि काही साइट उघडतात, काही ठरावीक साइट नुसत्याच फिरत राहतात, असं असेल तर मदत केंद्राला १४९२ हा आकडा सांगा. आमच्या मदत केंद्रातला आवाज पुढच्या वेळी या आकड्याने एकदम आदबीचा झाला होता.

नॉर्मन अब्रॅमसन डिसेंबर २०२० मध्ये गेले. तेव्हा करोनाचा काळ होता आणि जगभरची मुलं घरात बसून वायफायवर शाळा शिकत होती. 'सर, तुमचा आवाज येत नाही' हे वाक्य त्या काळात नातवंडांच्या तोंडून ज्यांनी ऐकलं त्यांना पोचपावतीचं मोल वेगळं सांगायला नको.

असो. लेख लांबला. तुमच्याकडेही असं एखादं न उघडणारं पान असेल आणि त्याचं कारण शेवटी सापडलं असेल, तर जरूर लिहून कळवा. पोचल्याची पावती मी देईनच.